मोडीत देण्याआधी उलटं करून बघा

नागपूरच्या महाल भागातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा जुना वाडा पाडून तिथं फ्लॅट स्कीम होते आहे. आजोबांच्या खोलीतून आणि माळ्यावरून बरंच सामान निघालं: काचेच्या चौकटीत राजा रविवर्म्याची लक्ष्मी, काळ्या धातूवर चांदीची वेलबुट्टी असलेली पानाची डबी, समयांची जोडी, घागरी-परातींचा ढीग, देवघरातले टाक, चिनी मातीच्या बश्या, लंबकाचं घड्याळ आणि आजीची एक टसर साडी. भाऊ म्हणतो, पितळ इतवारीच्या बाजारात मोडीत देऊन टाकू. मुंबईच्या एका गृहस्थांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाहून लक्ष्मीचे ‘लाखात’ देऊ म्हटलंय. ताईंचे प्रश्न तीन. किंमत किती धरायची? खरं-खोटं कसं ओळखायचं? आणि मुळात यात बघण्यासारखं काय असतं?

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. जुन्या वस्तूंची डागडुजी आणि मूल्यांकन हे माझं काम. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक पिशवीतून वस्तू निघायच्या आधीच विचारतात, "मॅडम, याचे किती येईन?" पण ज्याला वस्तू बघता येते त्याला ती ओळखता येते, आणि ज्याला ओळखता येते त्याला भावात गुंडाळणं कठीण जातं. क्रम तोच बरा.

त्याआधी एक काम आजच करा. घरात सगळ्यांना सांगा, काहीही घासायचं नाही. पाहुणे बघायला येणार म्हणून चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर घेऊन बसायचं नाही. घासणीनं धातूचा थर जातो आणि त्याबरोबर कोरीव कामाची धार जाते, ती परत येत नाही. कोरडा, मऊ सुती फडका आणि बारीक केसांचा ब्रश, बस्स. एखाद्या तांब्या-काशाच्या मूर्तीवर फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी टिंबं दिसली तर तेवढी वस्तू वेगळी, कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. तो गंज आतून धातू खातो. एकसारखा, घट्ट बसलेला तपकिरी किंवा हिरवट थर मात्र त्या धातूचं वय आहे, त्याला हात लावू नका.

आता समई घ्या आणि उलटी करा. वरून कंगोरे, कळस, मोर, सगळं देखणं. खाली बैठकीच्या पोटात ओतकामाच्या वाळूचा खरबरीत पोत दिसेल आणि त्यावर कातकामाची, म्हणजे चाकावर फिरवून तासल्याची, गोल वळं. पुढची बाजू कारागिरानं गिऱ्हाइकासाठी केलेली असते. पोटातली बाजू बैठक नीट टेकावी एवढ्यापुरतीच साफ केलेली असते, आणि तिथं नाटक करायचं त्याला काही कारण नसतं. म्हणून मी कुठलीही वस्तू आधी मागून, खालून, सांध्यातून बघते. समईचे भाग फिरवून सुटे करा. आटे हातानं पाडलेले असतील तर एका समईचा दांडा जोडीतल्या दुसरीच्या बैठकीत सहसा नीट बसत नाही. यंत्रावरच्या समईत कुठलाही भाग कुठंही बसतो. बैठकीच्या पोटातली वळं बोटानं चाचपली की कुठं हात जड पडला आणि कुठं हलका, तेही कळतं. मला या धंद्यात अजून मजा येते ती अशा गोष्टींमुळे.

घागरी-परातींच्या ढिगात काठांवर आणि गळ्याखाली टिंबाटिंबांनी कोरलेली नावं शोधा. आपल्याकडे लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात भांडं द्यायचं तर नाव घालून द्यायची पद्धत, त्यामुळे देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव आणि कधी कधी शकही मिळतो. शके १८२१ असेल तर ७८ मिळवा, म्हणजे इ. स. १८९९. तिथी पौष-माघाकडची असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात. संवत लिहिला असेल तर ५७ वजा करा. भंडारा इतक्या जवळ, तिथं पितळेचा धंदा जुना, त्यामुळे नागपूरच्या घरांत पितळ वजनानं भरपूर निघतं. पण नाव-शक असलेलं भांडं वजनावर विकणं म्हणजे घराचा दस्तऐवज रद्दीत घालणं.

नावाला काय किंमत येते ते नुकतंच सगळ्यांनी पाहिलंय. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची म्हणून ओळखली जाणारी तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात आली. महाराष्ट्र शासनानं ती सुमारे ४७ लाख रुपये खर्चून मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. पातं युरोपी घडणीचं, म्हणजे फिरंग. अशी पाती त्या काळात बाहेरून येत आणि मूठ इकडे चढवली जाई. तिला वेगळं केलं ते पात्यावरच्या देवनागरी सोनेरी अक्षरांनी, त्यांत रघुजींचं नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आहे. बातमी आल्यापासून बाजारात नावं कोरलेल्या तलवारी वाढल्या, हे सांगायला नकोच. तेव्हा भिंग घ्या, अक्षराच्या खाचेत बघा. पात्यावर जुना गंज आणि खाचेत ताजा, चमकता धातू असेल तर अक्षर गंजानंतरचं आहे. जुन्या अक्षराच्या पोटातही तोच काळपटपणा असतो जो आजूबाजूला असतो. परातीवरच्या नावालाही हीच परीक्षा लावा.

पानाची डबी. तुमच्या वर्णनावरून ती बिदरी, म्हणजे बीदरच्या कारागिरीची असावी. बीदर निजामाचं, आणि वऱ्हाडही १८५३ पर्यंत निजामाच्याच कारभाराखाली होता, त्यामुळे बीदरचा माल आपल्याकडच्या घरांत सापडणं स्वाभाविकच. बिदरीचा धातू म्हणजे जवळजवळ सगळं जस्त आणि त्यात थोडं तांबं. ओतल्यावर तो राखाडी असतो. त्यावर नक्षी कोरून खाचेत चांदीची तार ठोकली तर तारकशी, पत्र्याचे तुकडे बसवले तर तहनिशान. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप लावतात. त्यानं जस्ताचा पृष्ठभाग काळाभोर होतो आणि चांदी पांढरीच राहते. ही करामत मातीतल्या क्षारांची. मग तेलाचा हात फिरला की काळा रंग आणखी खोल दिसतो.

आता डबी हातात घ्या. आकाराच्या मानानं ती जड लागली पाहिजे. हलकी असेल तर ॲल्युमिनियमवर काळा रंग मारलेला असू शकतो. नख नक्षीवरून आडवं फिरवा. खऱ्या कामात चांदी आणि काळा धातू एकाच पातळीत लागतात, नख अडत नाही. नकलेत रंगाखाली खाच लागते. भिंगातून पानाच्या टोकाशी बघा. तार जिथं वळते तिथं तिला किंचित दाबलेलं दिसेल, दोन तारांचा सांधा दिसेल. एखादी तार निघून गेली असेल तर रिकामी खाच दिसेल, आणि ती मला तुटकं सामान वाटत नाही, उलट तिच्यामुळे काम कसं केलंय ते उघडं होतं. झाकणाची आतली बाजू बघा. चांगल्या डबीत झाकण बसताना नक्षीची वेल खालच्या भागाशी जुळते. तशी जुळली असेल तर कारागिरानं झाकण आणि डबी एकत्र धरून कोरली आहे. हलक्या हाताच्या मालात वेल काठाशी तुटते आणि पलीकडे भलतीकडून सुरू होते. दोन्ही वस्तू सारख्याच जुन्या असतील, पण मी पैसे पहिलीला देईन.

इथं माझं एक मत सांगून टाकते. जुनं म्हणजे चांगलं, हे खरं नाही. एकोणिसाव्या शतकातही घाईनं, स्वस्तात, बेफिकीरपणे केलेला माल ढिगानं निघत होता आणि तो टिकला एवढंच त्याचं कर्तृत्व. उलट एखाद्या चांगल्या हाताची साठ-सत्तर वर्षांपूर्वीची वस्तू तिच्या शंभर वर्षं आधीच्या वस्तूहून सरस असू शकते.

लक्ष्मीकडे येते, कारण मुंबईचे गृहस्थ तिच्यासाठी थांबलेत. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे तो त्यांच्याकडच्या जर्मन तंत्रज्ञानं, फ्रिट्झ श्लायशर यांनी घेतला. रविवर्मा १९०६ मध्ये वारले, छपाई मात्र नंतरही कितीतरी वर्षं चालू राहिली. म्हणजे ‘रविवर्म्याची लक्ष्मी’ म्हणताना ते छापील चित्र आहे हे पहिल्यांदा मनाशी पक्कं करा. त्यांची मूळ तैलचित्रं कोट्यवधींत जातात, ती महालातल्या माळ्यावर सहसा निघत नाहीत. छापील चित्रांतही मग प्रकार आले: मुंबईचं, मळवलीचं, नंतरचं पुनर्मुद्रण आणि परवा-परवाचं ऑफसेट, म्हणजे आजची यंत्रावरची छपाई. चित्राच्या खालच्या पट्टीत छापखान्याचा पत्ता बघा. तिथं लोणावळा किंवा मळवली असेल तर ते १८९९ च्या आधीचं असू शकत नाही. पट्टी कापून चौकटीत बसवलेली असेल तर किंमत तिथंच खाली येते. पूर्वी लोकांनी फ्रेमच्या मापासाठी सर्रास कापलीत.

सराफाकडचं दहापट भिंग आणा आणि लक्ष्मीच्या गालावर धरा. रविवर्म्याच्या छापखान्यातली छपाई म्हणजे शिळाछपाई, दगडावरून केलेली. तिच्यात प्रत्येक रंगाचा वेगळा दगड असे आणि दगडावर हातानं टिंबं काढली जात. ती वेगवेगळ्या आकाराची दिसतील, कुठं दाट, कुठं विरळ. सावली गालावरून मानेकडे जाते तिथं गुलाबी टिंबांत तपकिरी टिंबं मिसळत गेलेली दिसतील. तो उतार कुणीतरी टिंब टिंब देत हातानं उतरवला आहे. ऑफसेटमध्ये निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा यांचे ठिपके ठरावीक अंतरानं, कवायतीला उभे केल्यासारखे दिसतात. साडीचा काठ बघा. दोन रंग किंचित सरकून एकमेकांवर आलेले दिसले तर तो दगड बसवतानाचा फरक आहे आणि तो खरेपणाच्या बाजूनं बोलतो. काही घरांत अशा चित्रांवर बायकांनी जर, टिकल्या, कापड चिकटवून लक्ष्मीला खरी साडी नेसवलेली असते. पूर्वी संग्राहक अशी चित्रं बाजूला टाकायचे, हल्ली मुद्दाम शोधतात. मला स्वतःला ती कोऱ्या चित्रापेक्षा आवडतात.

चौकटीची पाठ उघडून बघा, पण घरी सुरीनं नको. मागं जुनी फळी किंवा पुठ्ठा असेल तर त्यातल्या आम्लानं कागद तपकिरी आणि ठिसूळ झालेला असतो. फ्रेमवाला म्हणेल, "नवीन प्लायवर चिकटवून देतो, एकदम टाइट." त्याला नाही म्हणा. चिकटवलेलं चित्र पुढं कुणालाही सुरक्षित सोडवता येत नाही. कागदाचं काम करणारा माणूस आम्लमुक्त पुठ्ठा वापरून ते मोकळं बसवून देईल.

आणि नागपुरात आहात म्हणून हे खास सांगते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कूलर लागतो, आणि त्या ओल्या हवेचा झोत ज्या भिंतीवर पडतो तिथंच लोक जुनी चित्रं लावतात. दिवसभर दमट, रात्री कूलर बंद झाला की पुन्हा खडखडीत. कागद फुगतो आणि आक्रसतो, सागवानी चौकटीचे सांधे उघडतात, काचेच्या आत बुरशीची टिंबं येतात. चित्र, पोथ्या, साड्या कूलरच्या खोलीत ठेवायच्या नाहीत. आतल्या, कमी उजेडाच्या खोलीतली भिंत बरी, बाहेरच्या भिंतीला तर पावसाळ्यात ओलही येते.

टाकांबद्दल थोडक्यात. चांदीच्या पत्र्यावर ठशानं उठवलेले देव. भिंगातून बघाल तर नाक, कपाळ, घोड्याची मान असे उंच भाग झिजून गुळगुळीत झालेले असतात आणि खोलगट भागात हळद-कुंकू, गंध यांचा काळसर थर बसलेला असतो. पिढ्यांच्या अभिषेकानं झिजलेल्या टाकाची झीज अशीच पडते: पुढं जास्त, कडांना कमी, मागं जवळपास नाही. यंत्रावर घासून ‘जुना’ केलेला टाक सगळीकडे सारखा झिजतो. हे टाक विकू नका असं मी सांगणार नाही, तो तुमचा घरचा प्रश्न. पण सराफ त्याचे चांदीच्या वजनाचेच पैसे देईल, एवढं माहीत असू द्या.

साडी उलगडून काठ बघा. टसरच्या अंगाशी काठ जिथं मिळतो तिथं करवतीच्या दात्यांसारखी रांग असेल तर ती आपल्या विदर्भाची करवती काठाची साडी. भंडारा, नागपूर, गडचिरोली या भागातलं हे विणकाम, याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. यात दोन काठांना आणि अंगाला वेगवेगळे धोटे चालतात आणि दाता जिथं येतो तिथं काठाचा आणि अंगाचा बाणा, म्हणजे धोट्यानं नेलेला आडवा धागा, एकमेकांत अडकवतात. म्हणून मागून बघा: दाता तितकाच स्वच्छ दिसला पाहिजे, लोंबते धागे नकोत. दोन दात्यांची उंची कुठं तरी एखाद्या धाग्यानं चुकलेली सापडेल, हातमागावर ते व्हायचंच. जुनी जर घ्यायला दारावर येणारे लोक साडी जाळून चांदी काढण्यासाठी घेतात. तुमच्या साडीत जरतार असो-नसो, त्यांच्या हाती ती देऊ नका. घडी तीच तीच ठेवू नका, घडीवरच रेशीम तुटतं. मलमलीत गुंडाळून रुळावर ठेवलीत तर उत्तम.

बश्या आणि घड्याळ यांत मी फार वेळ घालवणार नाही. खालचा शिक्का वाचा, तो निदान ‘याच्या आधीचं नाही’ एवढं तरी सांगतो. १८९१ मध्ये अमेरिकेनं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतर जपानी मालावर ‘निप्पॉन’ येऊ लागलं आणि १९२१ नंतर त्याऐवजी ‘जपान’. झुंबरावर, हंडीवर ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर ती १९१८ च्या आधीची नाही, कारण तो देशच तेव्हा जन्मला. माइसेन या जर्मन चिनी मातीच्या कारखान्याच्या दोन तलवारींच्या खुणेवर भाळू नका, जगात सगळ्यात जास्त नकला झालेल्या खुणांत ती मोडते. घड्याळात यंत्र एकाचं, तबकडी दुसऱ्याची, पेटी इथल्याच सुताराची, असं सर्रास असतं. पेटीच्या आत जुन्या स्क्रूंची रिकामी भोकं दिसली तर यंत्र बदललेलं आहे. फुलीच्या खाचेचे स्क्रू असतील तर ते १९३० च्या दशकात किंवा त्यानंतरच बसवलेत.

कायद्याचं बघून घ्या, कारण वाडा पडतो आहे. १९७२ चा पुरावशेष आणि कला खजिना कायदा शंभर वर्षांवरच्या कलावस्तूंना लागू आहे, आणि मोलाच्या हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या यांसारख्या काही प्रकारांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते आणि धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो. इमारतीपासून वेगळा केलेला भागही या व्याख्येत येतो, म्हणजे शंभरीपुढचे कोरीव सागवानी खांब आणि तुळयांचे हस्तसुद्धा. बिल्डरच्या करारात ‘पाडकामातला माल ठेकेदाराचा’ असं एक वाक्य असतं, ते सही करण्याआधी वाचा. खोदताना जमिनीत किंवा भिंतीत नाणी-दागिने सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या किमतीची गोष्ट जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. हस्तिदंताची डबी, शिकारीची शिंगं, कातडी निघाली तर विक्रीचा विचारच सोडा, वन्यजीव संरक्षण कायद्यात ते गुन्ह्यात मोडतं. मध्य प्रांतातल्या जुन्या घरांत या गोष्टी निघतातच, म्हणून सांगितलं.

डोळा तयार करायचा तर एक दुपार सिव्हिल लाइन्सच्या अजब बंगल्यात काढा. १८६३ पासूनचं आपलं मध्यवर्ती संग्रहालय, आणि नागपूरकर तिथं एकदा शाळेच्या सहलीत जातात, नंतर थेट नातवंडं घेऊन. सगळी दालनं फिरू नका. एका मूर्तीसमोर किंवा एका शस्त्रासमोर उभं राहा, हे कशानं कोरलं असेल, कुठं थांबला असेल, कुठली बाजू त्यानं सोडून दिली, हे शोधा. नंतर रामटेकच्या गडावर केवल नरसिंहाला जाऊन या. वाकाटक काळातला, तांबूस दगडातला, अंगानं भरलेला, दागिन्यांचा फारसा सोस नसलेला नरसिंह. शेजारच्या मनसरला सापडलेला हसरा, बुटका शिववामन आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, पण त्याच्या पोटाच्या गोलाईत आणि या नरसिंहाच्या मांड्यांच्या गोलाईत एकच जाण दिसते. पाचव्या शतकातला आपल्याच जिल्ह्यातला शिल्पकार दगडाला फुगवतो कसा, ते एकदा दिसलं की बाजारातल्या ‘प्राचीन’ मूर्तींचे तासलेले, सपाट पाय लगेच खटकू लागतात.

आता किंमत. फोटोवरून सांगितलेला आकडा धरू नका. मुंबईच्या गृहस्थांना लेखी विचारा: हे छापील चित्र आहे की तैलचित्र समजून बोलताय, कुठल्या छापखान्याचं, पट्टीसकट की कापलेलं, आणि प्रत्यक्ष पाहून रक्कम बदलणार का. उत्तर टाळलं तर विषय संपला. किंमत ठरते ती स्थिती, दुर्मीळपणा, काम आणि वस्तू कुणाकडून कुणाकडे आली याच्या पुराव्यावर. पुराव्याचं काम तुम्ही आजच करू शकता. वस्तू हलवण्याआधी ती जिथं आहे तिथंच फोटो काढा, मागून-खालूनही काढा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसून कुठली वस्तू कुठून आली ते मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. दोन वेगवेगळ्या लोकांकडून लेखी मूल्यांकन घ्या. जो मूल्यांकन करतो त्यालाच लगेच विकू नका, तो कितीही गोड बोलो.

भावाचं सगळंच चूक नाही. कारखान्यात दाबून काढलेल्या, नाव-शक नसलेल्या, पोचे आलेल्या घागरी आणि डबे ठेवून फ्लॅटमध्ये करणार काय? वर सांगितलेली परीक्षा झाल्यावर जे उरेल ते त्यांना खुशाल इतवारीत नेऊ द्या. तांबं आणि पितळ तेवढं वेगळं तोलून घ्यायला सांगा, तांब्याचा भाव जास्त असतो आणि एकत्र ढिगाला सगळे पितळेचाच भाव लावतात.